केमो चालू असताना चालणे: स्तनाच्या कर्करोगाच्या एका रुग्णाचे प्रकरण

रुग्ण ५४ वर्षांच्या. पाळी जाऊन चार वर्षं झालेली, मधुमेह किंवा रक्तदाब नाही, नोकरी बसून करायची. डाव्या स्तनात ३.१ सेंटिमीटरची गाठ निघाली. स्तन काढण्याच्या शस्त्रक्रियेबरोबरच काखेतल्या १७ लसिकाग्रंथीही काढल्या, त्यांपैकी तीनमध्ये कर्करोग पोहोचला होता. गाठ हार्मोनला प्रतिसाद देणारी, हर-टू निगेटिव्ह, म्हणजे हर-टू हे प्रथिन जास्त नसलेली. पुढचे उपचार असे ठरले: आधी केमो, म्हणजे ॲड्रियामायसिन आणि सायक्लोफॉस्फामाइड या जोडीचे दर तीन आठवड्यांनी एक असे चार डोस, मग दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल असे बारा, त्यानंतर रेडिएशन आणि शेवटी शरीरातलं इस्ट्रोजेन कमी करणाऱ्या लेट्रोझोलची रोजची गोळी. दुसरा डोस झाल्यावर कॅन्सरतज्ज्ञांनी त्यांना फिजिओथेरपीसाठी माझ्याकडे पाठवलं. चिठ्ठीत एकच ओळ होती: थकवा फार आहे, व्यायाम देता येईल का पाहावे.

ओळख पटेल असे तपशील मी गाळले आहेत. केमो चालू असलेल्या बाईला एरोबिक, म्हणजे चालणं किंवा सायकलसारखा दम वाढवणारा, व्यायाम द्यावा की नाही, या प्रश्नाचं उत्तर आता बऱ्यापैकी ठाम झालं आहे: द्यावा. अडतं ते पुढे. कोणत्या दिवशी किती, कधी वाढवायचा, कधी थांबवायचा आणि वाढवता येत नसेल तेव्हा काय करायचं, हे कुणी नीट सांगत नाही. ‘रोज अर्धा तास चाला’ एवढंच सांगून पाठवलं, तर ज्या दिवशी दहा मिनिटंही चालवत नाही त्या दिवशी बाई स्वतःला नापास ठरवते आणि चालणं सोडून देते. या बाईंच्या बाबतीत तसं होऊ द्यायचं नव्हतं.

पहिली भेट

शस्त्रक्रियेला तेव्हा दहा आठवडे होऊन गेले होते. त्या लेकीबरोबर आल्या. दाराजवळच्या खुर्चीपासून तपासणीच्या पलंगापर्यंत चालताना डावा हात कोपरात दुमडून छातीशी धरलेला होता. जखम भरलेली, टाके केव्हाच निघालेले, तरी हात तिथेच.

मी म्हटलं, “ताई, हात सोडा बघू खाली.”

“सोडला की ओढ बसते मॅडम. आत काही तुटेल असं वाटतं.”

“तिला आम्हीच काही करू देत नाही घरी,” लेक म्हणाली. “पाण्याचा तांब्याही उचलू नकोस म्हणतो.”

माया होती त्यात, शंकाच नाही. पण दोन महिने हात छातीशी आणि अंग अंथरुणात, याचा परिणाम तपासणीत दिसत होता. डावा हात समोरून १२० अंशांपर्यंतच वर जात होता. काखेतल्या ग्रंथी काढल्यावर हाताला सूज येऊ शकते, म्हणून घेर मोजला: दोन्ही हातांतला फरक कोपराखाली दहा सेंटिमीटरवर ०.८ सेंटिमीटर, म्हणजे अजून काळजीचा नाही. बसल्या जागी नाडी ९८. हिमोग्लोबिन १०.१. केमोपूर्वीच्या इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, त्याचं काम व्यवस्थित होतं.

सहा मिनिटांच्या चालण्याच्या चाचणीत त्या ३४८ मीटर चालल्या आणि चौथ्या मिनिटाला भिंतीला टेकून थांबल्या. थकवा मोजायला आम्ही तेरा प्रश्नांची फॅसिट ही प्रश्नावली वापरतो. तिच्यात ५२ पैकी जितके जास्त गुण, तितका थकवा कमी. यांना १९ मिळाले. “झोपून उठलं की तेवढंच थकल्यासारखं वाटतं,” हे त्यांचं वाक्य मी कागदावर जसंच्या तसं लिहून ठेवलं. कर्करोगाच्या थकव्याची खूण तीच. दिवसभर राबून आलेला शीण झोपेने उतरतो, हा उतरत नाही.

हा थकवा एका कारणाने येत नाही. रक्त कमी झालेलं असतं, औषधांमुळे शरीरात सूज वाढवणारी रसायनं फिरत असतात, झोप मोडलेली असते, मन धास्तावलेलं असतं. त्यातच उलटी होऊ नये म्हणून दिलेलं स्टेरॉइड वारंवार घेतलं की स्नायू झिजतात. मग माणूस पडून राहतो, आणि पडून राहिल्याने हृदयाची एका ठोक्याला रक्त फेकण्याची ताकद आणि स्नायूंची प्राणवायू वापरण्याची क्षमता दोन्ही घसरतात. काल जी कामं सहज जमायची, ती आज दम काढतात, म्हणून माणूस आणखी पडून राहतो. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्तनाच्या कर्करोगाच्या २४८ रुग्णांची दमाची क्षमता मोजली गेली. ती त्यांच्याच वयाच्या, व्यायाम न करणाऱ्या निरोगी स्त्रियांपेक्षाही सरासरी २७ टक्के कमी निघाली. रक्त आणि औषधं यांवर माझा इलाज नाही. पडून राहण्याने जे घसरतं, ते मात्र चालण्याने सावरता येतं.

नाडीचा हिशेब का सोडला

एरोबिक व्यायामाचा जोर ठरवताना बहुतेक जण नाडीचा आधार घेतात. २२० वजा वय म्हणजे यांच्यासाठी १६६, आणि त्याच्या ६४ ते ७६ टक्के हा मध्यम जोर, म्हणजे साधारण १०६ ते १२६. पण बाईंची नाडी खुर्चीत बसूनच ९८ होती. चार पावलं टाकली की ११०. हिशेबाप्रमाणे ‘मध्यम व्यायाम’ खोलीच्या दारातच सुरू झाला असता आणि व्हरांड्याच्या टोकाला संपला असता. केमोत नाडी अशी वर राहण्याला रक्त कमी असणं, पाणी कमी पिणं, धास्ती आणि अंगातली ढिलाई अशी बरीच कारणं असतात. ॲड्रियामायसिन हृदयावर परिणाम करणारं औषध आहे, म्हणून हे ९८ मी कॅन्सरतज्ज्ञांना कळवलं. त्यांनी इको पुन्हा करून घेतला. तो ठीक निघाल्यावरच पुढे गेलो.

नाडीऐवजी मग धाप हेच माप ठरवलं. शून्य म्हणजे काहीच श्रम नाहीत, दहा म्हणजे आता एक पाऊलही नको, असा दहाचा फळा. त्यावर तीन ते पाच या पट्ट्यात राहायचं. सोपी खूण अशी: चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येता कामा नये. ही खूण लेकीलाही समजली. ती बरोबर चालायची आणि आईला बोलतं ठेवायची.

डोसाच्या चक्रावर बसवलेला आराखडा

बाईंना एक वही दिली. रोज चार गोष्टी लिहायच्या: किती मिनिटं चालले, धाप किती, रात्रीची झोप आणि ताप. पहिल्याच चक्रात, म्हणजे तिसऱ्या डोसानंतर, त्या वहीने मला पुढचा सगळा आराखडा दिला. सलाइन लागलं त्याच्या दुसऱ्या दिवशी नोंद होती: चाळीस मिनिटं, धाप तीन, ‘आज खूप बरं वाटतंय’. चौथ्या आणि पाचव्या दिवशी फक्त एक रेघ. सहाव्या दिवशी: ‘उठवतच नाही.’

दुसऱ्या दिवसाचा तो जोम स्टेरॉइडचा होता. डोसाबरोबर आणि नंतरचे दोन-तीन दिवस ते गोळ्यांतून पोटात जातं. त्या दिवसांत झोप येत नाही आणि अंगात नसलेलं बळ आल्यासारखं वाटतं. गोळ्या थांबल्या की माणूस एकदम खाली येतो. हे आधी कुणी सांगितलेलं नसेल तर बाईची समजूत होते की चाललो म्हणूनच पडलो, आणि घरचेही तेच म्हणतात. इथेही लेक थोड्या रागाने म्हणाली, “मॅडम, चालवलं म्हणूनच झालं हे.” मी तिला वहीतल्या तारखा आणि गोळ्यांच्या तारखा शेजारी शेजारी ठेवून दाखवल्या. तिने आधीच्या दोन डोसांचे दिवस आठवून पाहिले. तेव्हा आई अजिबात चालली नव्हती, तरी चौथ्या-पाचव्या दिवशी अशीच आडवी झाली होती. त्यानंतर तिने चालण्याला कधी हरकत घेतली नाही.

मग तीन आठवड्यांचं चक्र असं बसवलं. पहिले तीन दिवस अंगात कितीही जोम वाटला तरी वीस मिनिटांवर जायचं नाही, आणि चालणं सकाळीच उरकायचं म्हणजे रात्रीच्या झोपेवर आणखी ताण नको. चौथा ते सातवा दिवस पडझडीचा. त्यात पाच-पाच मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा, घरातल्या घरात, धाप दोन-तीनच्या आत. या दिवसांत काही कमवायचं नाही, फक्त अंथरुणाला चिकटायचं नाही. दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी सगळ्यांत खाली असतात, म्हणून चालणं गर्दीपासून लांब, दहा-पंधरा मिनिटं दोनदा. तिसरा आठवडा चांगला. वाढ करायची ती फक्त तिथे, एका वेळी तीन ते पाच मिनिटांची, अर्ध्या तासापर्यंत. चालताना हात खाली आणि मोकळा, याची आठवण करून द्यायचं काम लेकीकडे. खांद्याचे ताण रोज दोनदा.

थांबण्याच्या खुणा वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिल्या: ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, छातीत दुखणं किंवा धडधड, चक्कर, चोवीस तासांहून अधिक चाललेल्या उलट्या, एकाच पायाला सूज किंवा पोटरीत दुखणं, हाडात नव्याने सुरू झालेलं दुखणं. यांतलं काहीही झालं तर व्यायाम बंद आणि आधी डॉक्टरांना फोन. पोटरीच्या दुखण्याकडे ‘चालल्याने भरून आली असेल’ म्हणून दुर्लक्ष होतं. कर्करोगात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो, म्हणून ही खूण मी प्रत्येकीला दोनदा सांगते.

चौथ्या डोसानंतर दहाव्या दिवशी ताप ३८.४ वर गेला. वहीतली सूचना पाहून लेकीने फोन केला, त्याच रात्री त्या दाखल झाल्या. पांढऱ्या पेशी फार खाली गेल्या होत्या. शिरेतून प्रतिजैविकं दिली, पाच दिवसांनी घरी आल्या. त्यानंतर पुन्हा पाच-पाच मिनिटांपासून सुरुवात केली. ताप येण्याआधी त्या पंचवीस मिनिटांपर्यंत पोहोचल्या होत्या, तिथे परत यायला दोन आठवडे लागले.

पॅक्लिटॅक्सेलचे बारा आठवडे

हा काळ तुलनेने बरा गेला. मळमळ जवळपास गेली, हिमोग्लोबिन सावरलं, आणि दर आठवड्याला डोस असल्याने पडझड लहान झाली. डोसानंतरचे दोन दिवस कमी, उरलेल्या पाचांपैकी तीन-चार दिवस पंचवीस ते तीस मिनिटं, धाप चार. सहाव्या आठवड्याला चाचणीत ४१८ मीटर, न थांबता.

सातव्या डोसानंतर पायांच्या बोटांना मुंग्या आणि तळव्यांना बधिरपणा सुरू झाला. पॅक्लिटॅक्सेल नसांवर असा परिणाम करतं. एकदा चालताना चप्पल पायातून निसटली आणि चार पावलं पुढे गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. त्याच दिवशी बाहेरचं चालणं बंद करून त्यांना विभागातल्या स्थिर सायकलवर बसवलं. सायकलवर तोल जाऊन पडण्याची भीती नाही आणि हृदयाला हवा तेवढा ताण देता येतो. जोडीला भिंतीचा आधार घेऊन एका पायावर उभं राहण्याचा सराव. बधिरपणा वाढतोय हे वहीतून कॅन्सरतज्ज्ञांपर्यंत पोहोचलं. त्यांनी दहाव्या डोसापासून मात्रा २० टक्क्यांनी कमी केली. बारा डोस पूर्ण झाले.

केमो संपली तेव्हा ४३२ मीटर, थकव्याचे गुण ३१, बसल्या जागी नाडी ८८.

श्रेय किती घ्यायचं

आकडे ३४८ वरून ४३२ वर गेले, म्हणून सगळं व्यायामाने झालं असं मी म्हणणार नाही. पहिल्या औषधांच्या जोडीतून पॅक्लिटॅक्सेलवर आल्यावर पुष्कळ बायकांना व्यायामाशिवायही बरं वाटतं. म्हणून मी पहिल्या टप्प्याकडे वेगळं पाहते. तिसऱ्या डोसापासून चौथ्याच्या शेवटापर्यंत औषध तेच होतं, मध्ये तापाचा आजारही झाला. त्या काळात अंतर ३४८ वरून ३७१ झालं, थकव्याचे गुण १९ वरून २२. चालण्याच्या चाचणीत साधारण ३० मीटर आणि या प्रश्नावलीत तीन-चार गुण, इतका फरक पडला तर तो रुग्णाला जाणवेल असा धरतात. म्हणजे अंतरातला बदल उंबरठ्याच्या आत, गुणांतला जेमतेम उंबरठ्यावर. माझ्या मते इथे व्यायामाने केलेलं काम म्हणजे घसरण थांबवणं. प्रत्येक डोसागणिक क्षमता खाली जाण्याचा जो काळ, त्यात ती होती तिथे राहिली, आणि पुढची वाढ त्या पातळीवरून सुरू झाली. केमोच्या पहिल्या टप्प्यात आकडे वाढत नाहीत म्हणून निराश होणाऱ्या सहकाऱ्यांना मला हे आवर्जून सांगायचं आहे.

अभ्यासही हेच सांगतात, अर्थात सगळे एका सुरात नाही. अमेरिकेत परिचर्येच्या संशोधकांनी केमो चालू असलेल्या ४५ स्त्रियांवर केलेला प्रयोग १९८९ साली प्रसिद्ध झाला. दहा आठवडे, आठवड्यातून तीनदा सायकल चालवणाऱ्या गटाची क्षमता सुमारे ४० टक्क्यांनी वाढली. कॅनडातल्या २४२ रुग्णांच्या २००७ मधल्या अभ्यासात एरोबिक गटाचा दम टिकला आणि स्वतःबद्दलचं मत सुधारलं, पण जीवनमानाच्या मोजणीत ठळक फरक दिसला नाही. ठरलेली केमो जास्त प्रमाणात पूर्ण झाली ती वजनं उचलणाऱ्या गटाची. त्यामुळे एरोबिक व्यायामाने केमो पूर्ण होते असं सरसकट सांगणं मला पटत नाही. थकवा, चिंता, उदासी आणि रोजची कामं करण्याची ताकद यांवरचा परिणाम मात्र भक्कम आहे. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या गटाने त्यासाठी आठवड्यातून तीनदा तीस मिनिटं मध्यम एरोबिक व्यायाम, किमान आठ ते बारा आठवडे, अशी मात्रा सांगितली. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने, बरं करण्याच्या हेतूने उपचार चालू असतानाच एरोबिक आणि ताकदीचे व्यायाम सुचवावेत, असं स्पष्ट लिहिलं.

बाईंनी एकदा सायकलवर बसल्या बसल्या विचारलं, “याने परत येणार नाही ना तो?” या प्रश्नाला होकार देणं सोपं असतं, आणि म्हणूनच मी तो देत नाही. सुमारे तीन हजार परिचारिकांच्या, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणात निदानानंतर जास्त चालणाऱ्या बायकांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं. पण जिची तब्येत मुळात बरी, तीच जास्त चालू शकते, ही अडचण अशा निरीक्षणात राहतेच. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात २०२५ साली ८८९ रुग्णांच्या, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या अभ्यासात केमोनंतरच्या व्यायामाने आजार परतण्याचं प्रमाण कमी झालेलं दिसलं. ते आतड्याबद्दल आहे. बाईंना मी एवढंच सांगितलं की हा व्यायाम तुम्हाला उपचार सोसायला आणि नंतर स्वतःची कामं स्वतः करायला बळ देतो, हे मी खात्रीने सांगू शकते. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “तेवढं पुष्कळ आहे.”

हात आणि सांधे

रेडिएशनच्या पंधरा दिवसांत चालणं चालू राहिलं, जोर थोडा कमी केला. घामाने आणि घट्ट कपड्याने भाजलेली त्वचा सोलवटते, म्हणून सैल सुती कपडे आणि दिवसाची थंड वेळ. रेडिएशन संपताना डाव्या हाताच्या घेरातला फरक २.२ सेंटिमीटर झाला. घरात लगेच पुन्हा ‘हात वापरू नको’ सुरू झालं. हातसुजेच्या तज्ज्ञ सहकारी बाईंनी दाबाची बाही मापून दिली, हलक्या हाताचा निचरा करणारा मसाज शिकवला, आणि चालणं बंद केलं नाही. हातसूज आलेल्या १४१ स्त्रियांवर २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवत नेणाऱ्यांची सूज वाढली नाही. उलट सूज चिघळण्याचे प्रसंग कमी झाले. या आधारावर केमो संपल्यापासून आठवड्यातून दोनदा घेतलेले हलक्या वजनांचे व्यायाम बाही घालून पुढे चालू ठेवले. तीन महिन्यांनी फरक १.४ वर आला.

लेट्रोझोल सुरू झाल्यावर दोन महिन्यांत गुडघे आणि हाताची बोटं सकाळी आखडू लागली. या गटातल्या गोळ्यांनी असं होतं, आणि या दुखण्यापायी काही बायका गोळीच सोडून देतात. ते घातक. अशाच दुखण्याच्या १२१ स्त्रियांवर २०१५ मधल्या अभ्यासात आठवड्याला दीडशे मिनिटं एरोबिक आणि दोनदा ताकदीचे व्यायाम दिल्यावर वर्षभरात सांधेदुखी २९ टक्क्यांनी कमी झाली होती. बाईंचा व्यायाम तेवढ्यापर्यंत नेला. सकाळचा आखडलेपणा पूर्वी तासभर टिकायचा, आता दहा-पंधरा मिनिटं. गोळी सुटलेली नाही.

सध्याची स्थिती

रेडिएशन संपून सहा महिने झाले. सहा मिनिटांत ४९६ मीटर, थकव्याचे गुण ४१, बसल्या जागी नाडी ७६. कामावर आधी अर्धा दिवस, आता पूर्ण वेळ. पायाच्या बोटांचा बधिरपणा अजून आहे, त्यामुळे चालताना मागे पट्टा असलेले बूट आणि सपाट रस्ता. हाडांची घनता थोडी कमी निघाली आहे आणि लेट्रोझोलने ती आणखी घटू शकते. म्हणून पायांवर वजन घेऊन करायचे व्यायाम वाढवले आहेत आणि एकूण एरोबिक वेळेतला सायकलचा भाग कमी करून चालण्याचा वाढवला आहे. पुढची तपासणी तीन महिन्यांनी. तेव्हा हाताचा घेर, तोल आणि चालण्याची चाचणी पुन्हा होईल. वही त्या अजून लिहितात. ताप आणि झोपेच्या जागी आता सांध्यांचा आखडलेपणा किती मिनिटं टिकला ते असतं.